घर आडवं का पडलं? पाचवीच्या मुलीला आलेखावर बिंदू मांडायला शिकवताना

कोपरखैरण्याच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी पाचवीत, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत. सध्या आलेखावर बिंदू मांडायचा धडा चालू आहे. (३, ५) सांगितलं की ती (५, ३) वर टिंब देते, कधी सगळं चित्र एक घर अलीकडे सरकतं, आणि परवा वहीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा आला. आईचं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमात झालं, तिला हा भाग थेट नववीत भेटला होता. घरी कसं शिकवू, आणि उणे संख्यांचे बिंदूही आत्ताच करून घेऊ का, असं तिने विचारलं आहे.

ताई, आधी त्या शेऱ्याबद्दल. ठाण्यात एकतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्तीनंतर दर शनिवारी ऐरोलीला सहा-सात पोरं घेऊन बसतो, तेव्हा एवढं खात्रीने सांगतो. लक्ष नसलेलं मूल कधी बरोबर मांडतं, कधी चुकतं. तुमची मुलगी दर वेळी त्याच पद्धतीने चुकते आहे. म्हणजे तिच्या डोक्यात एक नियम आहे आणि ती तो इमानेइतबारे पाळते आहे. तो नियम तिला कुठून मिळाला ते बघायचं. बहुतेक वेळा तो चांगल्या, खऱ्या ठिकाणाहूनच आलेला असतो.

समजा तुमचा फ्लॅट ७०३ आहे. वॉचमनला सांगताना आपण काय करतो? आधी सात, म्हणजे मजला, म्हणजे वर किती. मग तीन, म्हणजे त्या मजल्यावर आडवं किती. इमारतीत वाढलेल्या मुलाला पत्ता म्हणजे ‘आधी वर, मग आडवं’ हेच ठाऊक. गडकरी रंगायतनचं किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाचं तिकीट घ्या: आधी रांग, मग खुर्ची. फोनच्या नकाशावर ठाणं शोधा, तर आधी अक्षांश साधारण १९.२ आणि मग रेखांश साधारण ७३. इथेही उत्तर-दक्षिण आधी, पूर्व-पश्चिम नंतर. आणि गणिताच्या तासाला आपण अचानक सांगतो, की नाही बाळा, इथे आधी आडवं, मग उभं. का, ते सांगत नाही. सांगण्यासारखं कारणही नाही! तो फक्त ठराव आहे, सगळ्यांनी मिळून केलेला. हे मुलांना उघड सांगावं असं माझं ठाम मत आहे. नियम म्हणून सांगितलं की विसरतात, ठराव म्हणून सांगितलं की पाळतात. खेळाचे नियम पोरं कधी विसरतात का?

आता ठराव करायचा, तर आधी त्याची गरज भासली पाहिजे. त्यासाठी पहिल्या दिवशी आलेखाचा कागद बाहेरच काढू नका. रांगोळीचे ठिपके काढा.

ठिपक्यांची रांगोळी हे या धड्यासाठी आपल्या घरातलं सर्वांत उत्तम साधन आहे, आणि शाळा ते वापरत नाहीत याचं मला कायम नवल वाटतं. मधले ठिपके घालून काढतात ती नको, सरळ ओळींची हवी: नऊ ठिपके, नऊ ओळी. कागदावर पेनाने काढले तरी चालतील. असे दोन कागद करा, एक तिला, एक तुम्हाला. पाठीला पाठ लावून बसा. तिने तिच्या कागदावर कुठल्याही एका ठिपक्यावर टिकली लावायची आणि न दाखवता, फक्त बोलून, तुमच्याकडून त्याच ठिपक्यावर टिकली लावून घ्यायची.

पहिल्या दोन-तीन डावांत गोंधळ होणार, आणि तो होऊ द्या. ती म्हणेल, “तिसरा ठिपका, पाचवी ओळ.” तुम्ही मुद्दाम विचारा, कुठून तिसरा? डावीकडून की उजवीकडून? ओळ खालून मोजू की वरून? शक्यतो एकदा तरी मुद्दाम वरून मोजून चुकीच्या जागी टिकली लावा. ती चिडेल. त्या चिडण्यातून तिच्याच तोंडून ठराव येतो: “हे बघ, नेहमी डावीकडूनच मोजायचं आणि खालूनच मोजायचं, आणि आधी आडवं सांगायचं.” आडवं आधी की उभं आधी, हे तिला ठरवू द्या. तिने उलटं ठरवलं तरी तो डाव तसाच खेळा. मग दुसऱ्या दिवशी सांगा, की जगभरच्या गणितवाल्यांनी आडवं आधी असं ठरवलंय, आपणही आता त्यांच्याबरोबर जाऊ या. माझ्याकडच्या एका पोराने यावर विचारलं होतं, “त्यांनी आपल्याला विचारलं का?” नाही विचारलं, पण प्रश्न बरोबर होता.

आता दुसरी चूक, ‘एक घर अलीकडे’. ही समजून घ्यायला जरा वेळ द्या, कारण इथे आपली भाषाच पाय ओढते. आपण म्हणतो ‘डावीकडून तिसरा ठिपका’. पहिला, दुसरा, तिसरा. पण आलेखावर सुरुवातीच्या ठिपक्याला शून्य म्हणतात, म्हणून डावीकडून तिसऱ्या ठिपक्याचा आकडा दोन येतो. मुलगी ‘तीन’ ऐकते, ‘तिसरा’ समजते आणि एक ठिपका अलीकडे थांबते. तिचं मोजणं बरोबर आहे, ती फक्त ठिपके मोजते आहे, आणि मोजायची आहेत पावलं.

यावर सापशिडी. सोंगटी ज्या घरात आहे तेच घर ‘एक’ म्हणून मोजलं की काय होतं, हे तुमच्या मुलीला विचारा. भांडण होतं! दान तीन पडलं तर उभं असलेलं घर सोडून तीन पुढे. आलेखावरही तेच: आरंभबिंदूवर उभं राहायचं, अजून एकही पाऊल टाकलेलं नाही, म्हणून ती जागा शून्य. लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण शून्य किंवा इंग्रजी जी असतं, एक नसतं, हेही तिला रोज दिसतं. नऊ ठिपक्यांच्या खाली आकडे लिहायला लावा, ०, १, २ करत. शेवटच्या ठिपक्याखाली ८ येतो. नऊ ठिपके आणि शेवटचा आकडा आठ, हे का, असं विचारून पाच मिनिटं गप्प बसा. उत्तर देऊ नका. मधल्या फटी मोजताना ती स्वतः सापडेल तुम्हाला.

मी ठिपक्यांवर इतका का अडून बसलोय? कारण तिसरी, सर्वांत चिवट चूक चौकटीच्या वहीमुळेच होते. गणिताची चौकडीची वही मुलं पहिलीपासून वापरतात, आणि त्यांना सवय काय, तर एका चौकटीत एक आकडा. त्याच वहीवर अक्ष, म्हणजे आकडे लिहायच्या आडव्या आणि उभ्या मुख्य रेषा, काढायला सांगितले की ती आकडे रेषांसमोर लिहायच्याऐवजी चौकटींसमोर लिहितात, आणि टिंब रेषा जिथे छेदतात तिथे न देता चौकटीच्या पोटात देतात. यातही त्यांचं म्हणणं खोटं नाही. बुद्धिबळाच्या पटावर घराला नाव असतं, नाट्यगृहात खुर्चीला. नवी मुंबईत तर आपण सेक्टरात राहतो, आणि सेक्टर म्हणजे अख्खा तुकडा जमिनीचा. (ते आकडेही शेजारी-शेजारी सापडतील याचा भरवसा नाही. नवीन रिक्षावाल्याला विचारा.) ही सगळी नावं जागेच्या तुकड्याची आहेत. आलेखावरच्या जोडीला मात्र तुकडा नसतो, ती फक्त एक टोक सांगते, दोन रेषांची भेट. रांगोळीच्या ठिपक्यांत चौकट नसतेच, त्यामुळे पोटात टिंब द्यायची सोयच उरत नाही. ठिपके पक्के झाले की मगच त्यांच्यामधून आडव्या-उभ्या रेषा ओढायला लावा. आलेखाचा कागद तिच्या हाताने तयार होईल. दुकानातला बारीक एक मिलिमीटरच्या रेघांचा ग्राफ पेपर या वयाला नको, डोळे फिरतात.

घरात दोन फुटी लाद्या असतील तर त्याही वापरा. लादीच्या मधोमध उभं न राहता चार लाद्या जुळतात त्या सांध्यावर पायाचा अंगठा टेकवायचा. कोपऱ्यातल्या एका सांध्यावर कुंकवाची मोठी टिकली, तो आरंभबिंदू. “चार, दोन” म्हटलं की भिंतीच्या कडेने चार सांधे चालायचं, मग वळून दोन सांधे आत. हे दहा मिनिटांत होतं आणि बघायला मजा येते. त्याहून जास्त नको, नाहीतर तो नुसता लंगडीचा खेळ होतो.

“बाळ आधी रांगतं, मग उभं राहतं” हे वाक्य अनेक शिक्षक क्रम लक्षात राहावा म्हणून देतात. मीही देतो, पण शेवटी. आधी दिलं की मूल त्या वाक्याला लटकून राहतं आणि परीक्षेत वाक्यच आठवेनासं झालं की संपलं. मराठीत या जोडीला ‘क्रमित जोडी’ म्हणतात. नावातच क्रम आहे. मला तो शब्द इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही सांगायला आवडतो.

आता खरं काम: चित्र. खालचे बिंदू तिला मांडायला द्या आणि त्याच क्रमाने पट्टीने जोडायला सांगा. (२, १), (८, १), (८, ५), (५, ८), (२, ५), आणि परत (२, १). तुमच्या नऊ ठिपक्यांच्या कागदावर हे बरोबर बसतं. नीट आलं तर उतरत्या छपराचं घर दिसेल, टोक वर, बरोबर मधोमध.

आकडे उलटे वाचले तर तेच घर उजव्या कुशीवर आडवं होतं, छपराचं टोक उजवीकडे. तुम्ही काही बोलायची गरज नाही, ती स्वतःच म्हणेल, “अगं आई, घर पडलं!” आरंभबिंदूलाच एक धरून मोजलं तर घर उभंच राहतं, पण एक पाऊल डावीकडे आणि एक खाली सरकतं, म्हणजे त्याची जमीन खालच्या अक्षाला चिकटते. बरोबर काढलेलं घर अक्षापासून एक रेघ वर तरंगतं. आणि सगळी टिंबं चौकटींच्या पोटात पडली असतील, तर तिने फटींना आकडे दिलेत. एका चित्रावरून तिन्ही चुका वेगवेगळ्या ओळखता येतात. तपासायला बसणाऱ्याला दुसरं काय हवं?

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी वर्गाला नेहमी चौरस द्यायचो: (१, १), (४, १), (४, ४), (१, ४). सगळ्यांचं बरोबर यायचं. मी खूश, मुलं खूश. एका घटक चाचणीत साधा त्रिकोण दिला आणि निम्म्या वर्गाचा आडवा पडला. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. त्या चौरसाचे आकडे उलटे वाचले तरी तोच चौरस मिळतो! मी मुलांना चूक लपवायला जागाच करून देत होतो, तीही वर्षानुवर्षं. तेव्हापासून उलटं केलं की रूप बदलेल अशीच चित्रं देतो. सुटे बिंदू द्यायचे तरी (३, ३) कधी नाही, (२, ३) क्वचित, (१, ७) आवर्जून. दोन आकड्यांत जेवढी तफावत जास्त, तेवढी चूक लांबून दिसते. नकाशावर हेच करून दाखवा: ठाण्याचे अक्षांश-रेखांश अदलाबदल केले, ७३ उत्तर आणि १९ पूर्व घेतलं, तर ठाणं नॉर्वेच्याही उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडतं. हे ऐकल्यावर माझ्याकडची पोरं आठवडाभर एकमेकांना ‘समुद्रात पडलास’ म्हणत होती.

घर जमलं की शून्याचे बिंदू घ्या, (०, ४) आणि (४, ०). बरीच मुलं दोन्ही एकाच जागी मांडतात, कारण ‘शून्य म्हणजे काही नाही, मग सोडून दिलं’. शून्य वगळलं की उरतो नुसता चार, आणि चार म्हटलं की पाय आपोआप उजवीकडे जातात. त्यांना मी म्हणतो, शून्यही ऐकायचं. शून्य पावलं चालायचं म्हणजे आहे तिथूनच वर चढायचं. प्रत्येक वेळी तोंडाने म्हणायला लावा: “उजवीकडे शून्य. वर चार.” घाई करणाऱ्या मुलीचं अर्धं काम या बोलण्याने होतं.

आणखी एक चूक कधीकधी दिसते, म्हणून सांगून ठेवतो. (३, ५) साठी काही मुलं आडव्या अक्षावर ३ ला एक टिंब देतात आणि उभ्या अक्षावर ५ ला दुसरं. त्यांच्या मते दोन आकडे, दोन टिंबं. त्यांना दोन बोटं वापरायला शिकवा: एक बोट ३ वरून सरळ वर, दुसरं ५ वरून सरळ आडवं, दोन्ही भेटतात तिथे एकच टिंब. पण ही दोन बोटांची युक्ती तुमच्या मुलीला आत्ता नको. तिला क्रमाचा घोळ आहे आणि दोन बोटांत क्रम हरवतो, कुठलं आधी निघालं ते कळतच नाही. तिच्यासाठी चालणंच बरं.

बिंदू मांडता आले म्हणजे वाचता येतात असं धरून चालू नका. कागदावर टिंब देऊन “हे कोण?” असं विचारा. टिंबावरून बोट सरळ खाली सोडायचं, खालचा आकडा आधी म्हणायचा, मग बोट परत टिंबावर नेऊन डावीकडे सरकवायचं. घर उभं करणारी मुलंही इथे परत उलटतात. दोन्हीचा सराव सारखा हवा.

अक्षावरचे आकडे समान अंतरावर हवेत हेही एकदा बोलून घ्या. काही मुलं ०, १, २, ५, १० असं पुस्तकातल्या प्रश्नात लागतील तेवढेच आकडे शेजारी-शेजारी लिहून मोकळी होतात. मी त्यांना ठाणे-वाशी लोकल आठवायला लावतो. डब्यात दारावर लावलेल्या पट्टीवर ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली अशी सगळी स्थानकं सारख्या अंतरावर असतात, पण गाडीत बसल्यावर कुठलं झटकन येतं, कुठलं उशिरा येतं ते तुम्ही रोज बघता. ती पट्टी फक्त क्रम सांगते, अंतर नाही. आलेखाच्या अक्षाने दोन्ही सांगायला हवं.

देकार्तची गोष्ट सांगायची असेल तर सांगा. फ्रेंच गणिती, १६३७ साली त्याने या विषयावरचं लिखाण छापलं. तो अंथरुणात पडून छतावरची माशी बघत होता आणि तिची जागा कशी सांगावी यावरून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. ती गोष्ट खरी असल्याचा पुरावा नाही, आणि आज आपण काढतो तसे दोन काटकोनातले अक्ष त्या पुस्तकात नाहीतच. पण माशी मुलांना आवडते. मी ‘असं म्हणतात बरं का’ एवढं जोडून सांगतो.

राहिला उणे संख्यांचा प्रश्न. घाई नको. तिच्या शाळेच्या धड्यात आत्ता फक्त पहिला चरण, म्हणजे उजवीकडचा वरचा भाग असेल, तर घर सलग तीन दिवस न पडता उभं राहीपर्यंत तिथेच थांबा. तुमच्या इमारतीला तळघरात पार्किंग असेल तर उणे एक तिच्या ओळखीचा आहेच. माइनक्राफ्ट खेळत असेल तर आणखी सोपं. तिथे पडद्यावर तीन आकडे दिसतात, मधला वाय म्हणजे उंची, आणि खणत गेलं की तो शून्याच्या खाली उणे चौसष्टपर्यंत जातो. मुलं हे आपल्यापेक्षा नीट सांगतात, तेव्हा तिलाच शिकवू द्या. चरणांचे क्रमांक आल्यावर एवढंच सांगा, की ते प्रदक्षिणेच्या उलट दिशेने जातात: उजवीकडे वर पहिला, मग डावीकडे वर दुसरा, मग खाली उतरून तिसरा, चौथा.

आणि तेव्हा पहिलं चित्र म्हणून तेच घर परत द्या, फक्त प्रत्येक जोडीतला दुसरा आकडा उणे करून: (२, –१), (८, –१), (८, –५), (५, –८), (२, –५), आणि परत (२, –१). वरचं घर आधी काढून घ्यायचं, मग हे. आडवा अक्ष म्हणजे तलावपाळीचं पाणी समजा. घराचं प्रतिबिंब पाण्यात उलटं दिसेल. त्यासाठी अक्षाखाली आठ रेघा मोकळ्या लागतील, तेव्हा त्या दिवशी आडवा अक्ष नेहमीसारखा कागदाच्या तळाशी न काढता मधोमध काढायला सांगायला विसरू नका.